दयेचा धडा आणि वेगळा पेला

हल्लीं आमच्या शहरांतून अशी एक चाल पडत चालली आहे कीं, मुलाचा वाढदिवस आला म्हणजे आईबापांनीं त्यास नवा पोषाख घालून एखाद्या अनाथाश्रमांत न्यावें, तेथील मुलांस रांगेनें उभें करावें, आणि आपल्या मुलाच्या हातून त्यांस खाऊची एकेक पुडी देववावी. पुडी देतेवेळीं छायाचित्र निघतें. देणारें मूल घेणाऱ्या मुलाकडे पाहत नाहीं. क्यामेऱ्याकडे पाहा, असें त्यास बजावलेलें असतें. तें छायाचित्र संध्याकाळपर्यंत शेंपन्नास आप्तेष्टांच्या मोबाइलवर पोंचतें आणि मुलाच्या गुणांची वाखाणणी होते. शाळाही यांत मागें नाहींत. वर्षांतून एक आठवडा दयेचा म्हणून ठरवावयाचा, त्या आठवड्यांत मुलांनीं घरून तांदूळ, जुने कपडे अगर दहावीस रुपये आणावयाचे, आणि ज्यानें सर्वांत अधिक आणलें त्यास शेवटच्या दिवशीं प्रशस्तिपत्र द्यावयाचें, असा क्रम पुष्कळ ठिकाणीं दिसतो.

हें करणारे लोक दुष्ट नाहींत. दांभिकही त्यांत फार थोडे असतील. ज्या मुलांस पुडी मिळते त्यांस ती गोड लागतेच, व न देण्यापेक्षां देणें बरें, हें आम्हांसही मान्य आहे. आमचा प्रश्न वेगळा आहे. आईबाप हा सर्व खटाटोप मुलास कांहीं शिकविण्यासाठीं करतात. तर मग त्या दिवशीं मूल शिकलें काय, याची झडती घेण्यास हरकत नसावी. पांचसहा वर्षांच्या मुलास आपले शब्द फारसे कळत नसले तरी माणसें कशीं उभीं केलीं आहेत, हें तें चटकन् हेरतें. त्यानें पाहिलें तें इतकेंच कीं, जगांत दोन प्रकारचीं मुलें आहेत. एक प्रकार पुडी घेऊन पुढें चालतो, दुसरा रांगेंत उभा राहतो. आणि आपण पहिल्या प्रकारांतले. रांगेंतल्या मुलाचें नांव त्यानें विचारलें नाहीं, त्याच्याबरोबर तें खेळलें नाहीं, त्याच्याकडून स्वतः कांहीं घेतलें नाहीं. आणि रांगेंतलें मूल काय शिकलें, हा विचार तर कोणाच्या मनासही शिवत नाहीं. वाढदिवस त्याचाही असतो. पण त्या दिवशीं पुड्या घेऊन त्यास कोणी कोठें नेत नाहीं. यास दयेचें शिक्षण म्हणावयाचें कीं मोठेपणाचें, हें वाचकांनींच ठरवावें.

मुलाच्या ठिकाणीं दया बाहेरून आणून घालावी लागते, हा समज आम्हांस मुळांतच खरा वाटत नाहीं. ज्या घरांत नुकतें चालूं लागलेलें मूल आहे त्या घरांतील कोणत्याही आजीस विचारावें. केर काढावयास घेतला कीं तें केरसुणी ओढतें, कणीक भिजविली कीं परातींत हात घालतें, आजोबांची काठी पडली कीं ती फरफटत आणून त्यांच्या हातीं देतें. जर्मनींतील लाइप्झिग येथील संशोधक फेलिक्स वार्नेकेन व मायकेल टोमासेलो यांनीं हीच गोष्ट रीतसर तपासून २००६ सालीं प्रसिद्ध केली. अठरा महिन्यांच्या मुलांसमोर एक मनुष्य दोरीवर कपडे वाळत घालीत असतां त्याच्या हातून चिमटा खालीं पडे. किंवा दोन्ही हात भरलेले असतां तो बंद कपाटापाशीं येऊन अडे. बहुतेक मुलांनीं, कोणीं न सांगतां, अशा एखाद्या प्रसंगीं तरी उठून त्यास मदत केली. दोन वर्षांनीं, म्हणजे २००८ सालीं, त्यांनीं दुसरा एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो आमच्या शाळाचालकांनीं अवश्य लक्षांत घ्यावा. वीस महिन्यांच्या मुलांपैकीं कांहींस मदत केल्याबद्दल खेळणें दिलें, कांहींची नुसती तोंडी तारीफ केली, व कांहींस यांपैकीं कांहींच केलें नाहीं. पुढें बक्षीस बंद झालें तेव्हां ज्यांस खेळणें मिळत होतें तींच मुलें मदत करण्यांत मागें पडलीं. हे प्रयोग थोड्या मुलांवरचे आहेत, व एवढ्यावरून मोठा सिद्धान्त बांधूं नये, हें खरें; तथापि दयेच्या आठवड्याच्या अखेरीस प्रशस्तिपत्रें वांटणारांनीं थोडें थबकावें, इतका आधार त्यांत खास आहे.

मग हें दीड वर्षाचें धांवून येणारें मूल आठव्या-दहाव्या वर्षीं हांक मारली तरी जागचें हलत नाहीं, असें कां व्हावें? एक कारण सोपें आहे. तें केरसुणी ओढतें तेव्हां आपण ती त्याच्या हातून काढून घेतों, कारण त्याच्या मदतीनें काम दुप्पट होतें. "तूं जा, खेळ," असें दोन वर्षें ऐकल्यावर तें खरोखरच जातें, आणि मग परत येत नाहीं. दुसरें कारण याहून गंभीर आहे. घरांत केर काढणारें, भांडीं घासणारें, कचरा नेणारें माणूस कोण, आणि त्यास आपण कसें वागवितों, हें मूल रोज पाहत असतें. तें काम हलकें व तें करणारें माणूस आपल्याहून खालचें, असें एकदां त्याच्या मनानें घेतलें म्हणजे दुसऱ्याच्या उपयोगीं पडण्याची त्याची हौस तेथेंच मावळते.

धुणें-भांडीं करावयास येणाऱ्या बाईस "मावशी" म्हणावें, असें आपल्याकडे मुलांस शिकवितात. शब्द चांगला आहे. परंतु त्या मावशीस चहा द्यावयाचा तो कोणत्या पेल्यांत? आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं, आणि तीं घरें स्वतःस सुधारलेलीं म्हणवितात हें विशेष, एक कान तुटलेला पेला खिडकीच्या कोपऱ्यांत किंवा मोरीच्या कठड्यावर पालथा घातलेला आढळेल. चहा झाल्यावर बाईनें तो स्वतः विसळून पुन्हा तेथेंच ठेवावयाचा असतो. खरी मावशी गांवाहून आली म्हणजे तिचा पेला कांहीं तेथें ठेवीत नाहींत. मुलास हें कोणी समजावून सांगत नाहीं, तशी आवश्यकताही नसते. चौथ्या वर्षीं त्यास तो पेला कोणाचा हें ठाऊक असतें, आणि त्यांतून आपण पाणी प्यावयाचें नाहीं हेंही ठाऊक असतें. कित्येक इमारतींत लिफ्टपाशीं पाटी असते कीं, घरकाम करणाऱ्या नोकरांनीं व सामान आणणारांनीं ही लिफ्ट वापरूं नये. मुलास नुकतीं अक्षरें लागूं लागलीं म्हणजे जें जें दिसेल तें तें मोठ्यानें वाचण्याचा त्यास नाद लागतो. तेव्हां ही पाटीही तें वाचतेंच. मावशी आपल्याबरोबर वर कां येत नाहीं, असें तें विचारतें. "तसा नियम आहे," असें उत्तर मिळतें. आणि वर्षभर वाचलेल्या नीतिकथांचा त्या एका उत्तरानें निकाल लागतो.

यावर कोणी म्हणेल कीं, हा जातीचा प्रश्न नव्हे, स्वच्छतेचा आहे. हा युक्तिवाद आम्हीं अनेकदां ऐकला आहे. ज्या हातांनीं घासलेल्या ताटांत आपण जेवतों, ज्या हातांनीं लाटलेली पोळी आपण खातों, त्या हातांनीं धरलेला पेला मात्र आपल्या पेल्यांशेजारीं ठेवल्यानें अस्वच्छ होतो, ही स्वच्छता कोणत्या वैद्यकांत सांगितली आहे तें आम्हांस कळत नाहीं. १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेच्या सतराव्या कलमानें अस्पृश्यता नष्ट केली. सार्वजनिक पाणवठा, उपाहारगृह, देऊळ येथें कायदा पोंचला. घरांतल्या फळीवर तो कोण पोंचविणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं साताऱ्यास शिकत असतांनाची आपली हकीकत लिहून ठेविली आहे. वर्गांत त्यांस एका कोपऱ्यांत निराळें बसवीत. बसावयाचें गोणपाट त्यांचें वेगळें असे, आणि शाळेचा झाडणारा नोकरही त्यास हात लावीत नसल्यामुळें तें त्यांस रोज घरीं न्यावें व परत आणावें लागे. तहान लागली तर इतर मुलें गुरुजींस विचारून नळावर जात व पाणी पीत. आंबेडकरांस नळास स्पर्श करण्याची मनाई होती. शाळेचा शिपाई येऊन नळ सोडील तेव्हां पाणी, आणि शिपाई नसेल त्या दिवशीं तहान. ही हकीकत आपण वाचतों ती त्या एका मुलाच्या यातनेसाठीं, व तें योग्यच आहे. परंतु आज आम्ही त्या वर्गांतील बाकीच्या मुलांविषयीं बोलूं इच्छितों. त्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत. तीं दुष्ट मुलें होतीं असें मानण्यास कांहीं कारण नाहीं. घरीं तीं आईस पाणी नेऊन देत असतील, गाईला घांस घालीत असतील. त्यांपैकीं एखाद्यानें उठून तो नळ सोडला असता तर काम भागत होतें. पण तें काम शिपायाचें, असें ठरून गेलेलें होतें, आणि वर्गबंधु तहानलेला असतां आपण जागेवरच बसून राहावयाचें असतें, हा धडा त्यांस रोज, पुस्तकावांचून, मिळत होता. आजचीं आमचीं मुलें त्या वर्गांत कोठें बसलीं असतीं? मावशीच्या पेल्याकडे पाहून या प्रश्नाचें खरें उत्तर देतां येतें.

त्याच साताऱ्यांत १९२४ सालीं भाऊराव पाटील यांनीं वसतिगृह काढलें. रयत शिक्षण संस्था त्यांनीं १९१९ मध्येंच काले या गांवीं स्थापन केली होती. वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एकत्र राहत, एका पंक्तीस जेवत, आणि आपलीं कामें आपण करीत. पैसे संपले तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने विकले, शेवटीं मंगळसूत्रही विकलें. लक्ष्मीबाईंच्या त्यागाविषयीं पुष्कळ लिहिलें जातें. वसतिगृहाच्या चुलीविषयीं थोडें. वस्तुतः चुलीची गोष्ट शिक्षकांनीं अधिक अभ्यासावी अशी आहे. दोन जातींच्या मुलांनीं एकत्र भाकरी खाल्ली, यापेक्षां एकानें केलेलें काम दुसऱ्याच्या पोटीं गेलें व दुसऱ्यानें केलेलें पहिल्याच्या, यानें त्यांच्या मनांतील अंतर तुटलें. मदत करणारा आणि मदत घेणारा असे दोन कायमचे वर्ग तेथें पडूंच शकले नाहींत.

हीं मोठीं मुलें होतीं, लहानांचें काय, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर बोर्डी येथें मिळतें. ताराबाई मोडक यांनीं मुंबईंतील सुखवस्तु वस्तींतलें बालशिक्षणाचें काम सोडून १९४५ सालीं, त्या वेळच्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या समुद्रकांठच्या गांवीं बालवाडी सुरू केली. अनुताई वाघ त्यांच्या जोडीस आल्या. गांवांत बालवाडी निघाली, परंतु हरिजनवस्तींतलीं मुलें तेथें येईनात. दुसरा कोणी असता तर "त्यांस शिक्षणाची गोडी नाहीं" असें अहवालांत लिहून मोकळा झाला असता. या दोघींनीं बालवाडीच उचलून त्या वस्तींतल्या अंगणांत नेली. मुलांस तेथेंच आंघोळ घालावयाची, केंस विंचरावयाचे, नखें कापावयाचीं, आणि मग शिंपले, बिया, खडे घेऊन खेळावयास बसावयाचें. पुढें हें काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांत गेलें. गुरें राखावयास जाणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा भरूं लागली. "अंगणवाडी" हा आज ज्याच्या त्याच्या तोंडीं असलेला शब्द बोर्डीच्या त्या अंगणांतला आहे. १९७५ सालीं सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेनें तो देशभर नेला. शब्द गेला, मागची दृष्टि सगळीकडे गेली असें म्हणवत नाहीं. मुलास जवळ बोलावणें निराळें आणि आपण उठून त्याच्या अंगणांत जाणें निराळें. वाढदिवसाच्या पुडीपेक्षां आम्हांस हें श्रेष्ठ वाटतें तें यासाठीं कीं, येथें नखें कापावयाचीं तर आधीं मुलाचा हात हातांत धरावा लागे.

आतां आमच्या शहरी वाचकांनीं उद्यां सकाळपासून काय करावें, तें सांगतों. त्यास खर्च नाहीं. घरांतील कचरा वेगवेगळा करण्याचें काम मुलाकडे द्यावें. पुण्यांत २००८ सालापासून "स्वच्छ" ही कचरावेचकांची स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था दारोदार कचरा गोळा करीत आली आहे. तींत बहुतेक स्त्रिया आहेत. ओला, सुका असा कचरा घरींच निवडून द्यावा असें २०१६ सालच्या नियमांनीं सांगितलें, तरी पुष्कळ घरांतून तो एकत्रच येतो, आणि तो हातांनीं निवडावा लागतो. फुटलेली कांच त्यांत असली म्हणजे हात कापतो. वापरलेल्या स्वच्छता-पट्ट्या तशाच टाकलेल्या असतात. त्या कागदांत गुंडाळून वर लाल ठिपका काढावा, म्हणजे आंत काय आहे तें न उघडतां कळेल, अशी विनंती या बायांनीं नागरिकांस केली. सहा वर्षांच्या मुलास कांच कागदांत कशी गुंडाळावी हें दाखवून द्यावें. तो कागद कोणाच्या हातासाठीं आहे तें सांगावें, आणि दुसऱ्या दिवशीं त्या बाई दाराशीं आल्या म्हणजे त्यांचें नांव विचारावयास लावावें. ज्याचें तोंडही आपण पाहिलेलें नाहीं अशा माणसाच्या बोटांची काळजी करावयाची, हें इतक्या स्पष्टपणें शिकविणारें दुसरें साधन आम्हांस सुचत नाहीं.

आमच्या व्यापारी वाचकांच्या हातीं तर सबंध शाळाच आहे. मुलगा अगर मुलगी सुटीच्या दिवशीं दुकानांत येऊन बसते. पन्नास किलोचें पोतें पाठीवरून उतरवून घामाघूम झालेल्या हमालास शेटजी पाणी कोणत्या भांड्यांतून देतात, मजुरी देतांना नोट हातांत ठेवतात कीं पोत्यावर टाकतात, पावशेर साखर मागणारी म्हातारी आली म्हणजे मोठें गिऱ्हाईक पाहून तिला मागें सारतात कीं तिचा नंबर राखतात, चुकून जास्त आलेले दहा रुपये हांक मारून परत देतात कीं गल्ल्यांत लोटतात, हें सर्व तें मूल पाहत असतें. दिवाळींत व्यापारीमंडळी फराळाच्या पिशव्या वांटतात. कित्येकदां पिशवीवर पेढीचें नांव छापलेलें असतें, व वांटपाच्या जागीं कापडी फलक लागतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांत आपली रीत काय आहे? फराळाचें ताट भरून त्यांच्या घरीं न्यावयाचें, आणि त्यांनीं तें रिकामें परत पाठवावयाचें नाहीं. तेंच ताट घेऊन मुलानें दुकानच्या हमालाच्या घरीं जावें, बसावें, त्यांच्या मुलांबरोबर दोन घटका खेळावें, आणि ताटांतून जें परत येईल तें घरच्या सर्वांनीं मिळून खावें. चिवडा थोडा तिखट असेल, लाडवांत तूप कमी असेल. तें ताट परत आल्यावर बाजूला ठेवून देणार असाल तर मुलास पाठवूंच नका.

शाळांविषयीं एक वाद नेहमीं निघतो, त्यासंबंधीं लिहिणें अवश्य आहे. मुलांनीं आपला वर्ग आपण झाडावा असें कोणी सुचविलें कीं पालक रागावतात. "आम्हीं फी भरतों, ती मुलानें झाडू मारावा म्हणून नव्हे," असें म्हणतात. जपानांत धनिकाचें मूलही वर्ग, जिना व व्हरांडा पुसतें. त्यावांचून तेथील उद्योगधंदे बसले आहेत असें दिसत नाहीं. आमच्याकडे गाडगेबाबा १९५६ सालीं वारले तोंपर्यंत गांवोगांव खराटा घेऊन हिंडले; आधीं गांव झाडीत व मग कीर्तनास उभे राहत. त्यांच्या नांवानें शासनानें अभियान चालविलें, शाळांतून त्यांची तसबीर लागली, आणि तसबिरीखालचा केर काढावयास मात्र आपण माणूस नेमतों! परंतु पालकांच्या रागाच्या उलट बाजूस दुसरी एक गोष्ट आहे, ती याहून लाजिरवाणी आहे. जेथें शाळांत मुलांकडून झाडलोट करवितात तेथें पुष्कळदां ती दलित मुलांकडूनच करवितात, शौचालय धुण्यास त्यांसच पाठवितात, अशा तक्रारी देशाच्या निरनिराळ्या भागांतून येत आल्या आहेत. अशा शाळेंत खराटा हें सेवेचें साधन राहत नाहीं. साताऱ्याच्या त्या गोणपाटाचेंच तें दुसरें रूप होतें. म्हणून वर्ग झाडण्याचें काम असावें, पण तें सर्वांस सारखें असावें. शिक्षा म्हणून तें कोणास कधींही देऊं नये, आणि त्याबद्दल गुण वा प्रशस्तिपत्रही देऊं नये.

आमच्या शाळा जून महिन्यांत उघडतात. पहिल्याच आठवड्यांत प्रत्येक वर्गाच्या दारावर पाळीची यादी लावावी: झाडणें, पाण्याचें पिंप भरणें, दुपारच्या जेवणाचीं ताटें वाढणें व उचलणें, आजारी पडलेल्या सोबत्याच्या घरीं अभ्यास पोंचविणें. यादी हजेरीपटाच्या क्रमानें असावी, मुलगे व मुली असा भेद तींत नसावा, म्हणजे कोणाचें नांव कां आलें अगर कोणाचें कां गळलें, ही कुरकुर राहणार नाहीं. आणि पहिल्या दिवशींच्या पाळींत मुख्याध्यापकांनीं व शाळासमितीच्या सभासदांनीं आपलीं नांवें घालावीं.